लांडगा, शिकारी आणि मेंढपाळ : पैसे कोणी कोणाला द्यायचे?

गुरे राखणाऱ्याच्या जमिनीवर जाऊन लांडगा-कोल्ह्यासारखे श्वापद मारायचे असेल, तर शिकाऱ्याने त्या परवानगीचे पैसे मोजावेत का? अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांत हा प्रश्न नेहमी निघतो आणि तो जमीनमालक व शिकारी या दोघांत मिटतो. खानदेशात तोच प्रश्न विचारला, तर दोघांच्या जागी चौघे उभे राहतात : जनावर गमावणारा पशुपालक, ज्याच्या शिवारात श्वापद दडते तो शेतकरी, वनखाते आणि शिकारी. यांपैकी शिकारी कायद्याने बाद झाला आहे. उरलेल्या तिघांचा हिशेब मात्र अजून पुरता लागलेला नाही आणि त्यातली तूट बहुधा पशुपालकाच्याच पदरी पडते.

धुळ्याच्या उत्तरेला सुमारे वीस किलोमीटरवर, मुंबई–आग्रा महामार्गालगत सोनगीर आहे. तांब्यापितळेची भांडी आणि टेकडीवरचा किल्ला ही गावाची जुनी ओळख. भोवतालचा मुलूख कमी पावसाचा. कापूस, बाजरी, मका, कांदा यांच्या शेतांमधून मुरमाड टेकड्या, कोरडे नाले, गायरान आणि वनखात्याची कुरणे पसरलेली. अशा उघड्या माळावर शेळ्यामेंढ्या जगतात आणि त्यांच्या मागोमाग लांडगाही जगतो. लांडगा, कोल्हा आणि तरस हे या पट्ट्यातले जुने रहिवासी. साक्रीकडच्या डोंगरांत आणि तापी-गिरणेकाठच्या ऊस-केळीच्या बागायतीत त्यांच्या जोडीला बिबट्या येतो.

इथला पशुपालक आणि अमेरिकेतला गुरांच्या मोठ्या कुरणाचा मालक यांच्यातला फरक आधी लक्षात घ्यायला हवा, कारण पुढचा सगळा विचार त्यावर उभा आहे. तिकडच्या मालकाची हजारो एकर जमीन कुंपणाच्या आत असते. निदान तिच्या फाटकाची किल्ली त्याच्याकडे असते. इकडे शेळ्या चारणाऱ्या शेतमजुराकडे अनेकदा गुंठाभरही जमीन नसते. धुळे-नंदुरबारकडचे ठेलारी आणि इतर धनगर मेंढपाळ पावसाळा सरला की कळप घेऊन बाहेर पडतात. ते दुसऱ्यांच्या पडीक शेतांत, गायरानांत आणि रस्त्याकडेला चारत पुढे सरकतात. रात्री एखाद्या शेतकऱ्याच्या रानात मेंढ्या बसवतात. लेंडीखत मिळते म्हणून शेतकरी त्याबद्दल धान्य किंवा रोख देतो. म्हणजे जमीन आणि कळप यांच्यातला एक व्यवहार इथे पूर्वापार आहेच, आणि त्यात जमीनवाला कळपवाल्याला पैसे देतो. पण ज्या जमिनीवर लांडगा येतो ती मेंढपाळाची नाही. तिथे कोणाला येऊ द्यायचे नि कोणाला नाही, हे ठरवण्याचा अधिकारच त्याच्याकडे नसल्याने विकायलाही त्याच्याजवळ काही नाही.

अमेरिकेतला मूळ वाद थोडक्यात असा. तिथे रानातले प्राणी जमीनमालकाचे नसतात. ते जनतेच्या वतीने सरकारकडे असतात. मालकाच्या हातात असतो तो केवळ जमिनीवर येऊ देण्या-न देण्याचा हक्क. टेक्सासमध्ये ९५ टक्क्यांहून अधिक जमीन खासगी आहे. त्यामुळे हरणांच्या शिकारीसाठी जमीन हंगामापुरती भाड्याने घेण्याचा धंदा तिथे चांगलाच रुजला आहे. हरीण शिकाऱ्याला हवे असते, मालकाकडे ते असते, म्हणून शिकारी पैसे देतो. कायोटी या कोल्ह्यासारख्या प्राण्याचे मात्र उलटे आहे. तो कोकरे आणि वासरे मारतो, म्हणून मालकाला तो नकोच असतो. बहुतेक राज्यांत त्याच्या शिकारीला हंगामाची किंवा संख्येची मर्यादाही नाही. मग शिकारी म्हणतो, नको असलेला प्राणी आम्ही आमच्या खर्चाने मारतो, वर पैसे कशाचे? मालकाचे उत्तर असे की फाटक उघडे राहते, ओल्या जमिनीत गाडीची चाके रुततात, चुकून गुरांना गोळी लागते, गवताला आग लागते आणि शेवटी निस्तरायचे आम्हालाच. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. जिथे प्राणी मारणे कायदेशीर आहे आणि जमीन खासगी आहे, तिथे या त्रासाचे मोल मागण्यात गैर काही नाही.

इतर देशांनी या व्यवहाराला वेगवेगळी वळणे दिली. जर्मनीत शिकारीचा हक्क जमिनीला जोडलेला आहे. लहान जमीनमालक एकत्र येऊन तो भाडेपट्ट्याने देतात आणि पट्टा घेणाऱ्या शिकाऱ्याला भाड्याखेरीज रानडुकरांनी केलेल्या पीकहानीची भरपाईही सहसा द्यावी लागते. नामिबियाने १९७५ च्या कायद्याने मोठ्या शेतमालकांना आणि १९९६ मध्ये सामुदायिक जमिनीवरच्या रहिवाशांना वन्यप्राण्यांपासून उत्पन्न मिळवण्याचे हक्क दिले. गुरे मारणाऱ्या चित्त्याला पूर्वी तिथले शेतकरी दिसेल तिथे मारत. आता आंतरराष्ट्रीय करारानुसार ठरलेल्या वर्षाला १५० चित्त्यांच्या मर्यादेत परदेशी शिकारी त्यासाठी मोठी रक्कम देतो. पाकिस्तानच्या उत्तरेकडील डोंगरांत मारखोर या रानबोकडाच्या शिकारीचे शुल्क कोट्यवधी रुपयांत जाते आणि त्यातला ८० टक्के वाटा गावांना मिळतो. या सगळ्या ठिकाणी एक अट पाळलेली दिसते : प्राण्यावर किंवा जमिनीवर गावाचा काही ना काही हक्क कायद्याने मान्य केलेला आहे. तो नसेल तर शिकाऱ्याने दिलेला पैसा सरकारी तिजोरीत किंवा मधल्या कंपनीकडे जातो.

खानदेशाच्या इतिहासातही शिकारीचा पैसा पशुपालकाला असाच वगळून गेला. १८१८ मध्ये पेशवाई संपली तेव्हा हा प्रांत लढाया, लुटालूट आणि दुष्काळाने ओस पडला होता. झाडी वाढली, वाघ वाढले. १८२५ मध्ये जेम्स औट्रम हा कंपनी सरकारचा तरुण अधिकारी इथे आला आणि त्याने भिल्लांची पलटण उभारली. धरणगाव हे तिचे ठाणे. भिल्लांचा विश्वास मिळवायला त्याने शिकारीचा आधार घेतला. माग काढणारे, हाके घालणारे भिल्ल त्याच्याबरोबर जंगलात जात आणि त्यांतलेच पुढे पलटणीत भरती होत. १८२५ ते १८३४ या काळात त्याने आणि त्याच्या साथीदारांनी २३५ वाघ मारल्याची नोंद त्याच्या चरित्रात आहे. त्यांपैकी १९१ वाघांच्या वेळी तो स्वतः हजर होता. चाळीसगावहून कन्नडकडे चढणाऱ्या घाटाला त्याचे नाव पडले. १९८६ मध्ये जाहीर झालेल्या गौताळा-औट्रमघाट अभयारण्यातही ते टिकून आहे. वाघ मात्र त्या डोंगरांतून विसाव्या शतकातच नाहीसा झाला.

औट्रमनंतर श्वापद मारणे हे सरकारी धोरणच झाले. कातडे किंवा मुंडके कचेरीत दाखवायचे आणि इनाम घ्यायचे, अशी पद्धत ब्रिटिश हिंदुस्थानात सर्वत्र होती. इतिहासकार महेश रंगराजन यांनी सरकारी नोंदींवरून काढलेल्या हिशेबानुसार १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत ८०,००० हून अधिक वाघ, १,५०,००० हून अधिक बिबटे आणि २,००,००० लांडगे इनामासाठी मारले गेले. यात पैशाचा ओघ सरकारकडून शिकाऱ्याकडे होता. गुराख्याला त्यातून मिळायचा तो फार तर हाका घालण्याचा रोज. लांडग्याचा आकडा वाघाच्या अडीचपट आहे, याकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते. वाघाची शिकार प्रतिष्ठेची, म्हणून तिची वर्णने लिहिली गेली. लांडगे बिळांत धूर करून, खड्डे खणून, विष घालून मारले गेले आणि ते मारणाऱ्यांची नावेही कोणी नोंदवली नाहीत.

स्वातंत्र्यानंतर ओघ काही काळ उलटा फिरला. परदेशी शिकारी डॉलर मोजून येऊ लागले. वनखाते जंगलाचे शिकारगट पाडून परवाने देई, त्याचे शुल्क सरकारजमा होई आणि शिकारीची व्यवस्था कंपन्या पाहत. पुढे केंद्रीय मंत्री झालेले विद्याचरण शुक्ल यांनी १९५० च्या दशकात काढलेली ॲल्विन कूपर ही अशीच एक कंपनी. या धंद्यात गावाचा वाटा केवढा होता? मचाणासमोर बांधायला रेडा किंवा बोदा विकत घेतला जाई, त्याची किंमत मालकाला मिळे. हाकेकऱ्यांना दिवसाची मजुरी मिळे. ज्याची गाय वर्षभरात त्याच वाघाने मारली होती, त्याला मात्र काही मिळत नसे. शिकाऱ्याने पैसे दिले की पशुपालकाचे भले होते, ही समजूत आपल्याकडच्या अनुभवाने तरी खरी ठरवलेली नाही.

१९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला. त्या कायद्यातही सुरुवातीला परवान्याने शिकार करण्याची तरतूद होती. ती १९९१ च्या दुरुस्तीने काढून टाकली आणि तेव्हापासून हौसेची शिकार पूर्णपणे बेकायदा ठरली. लांडगा, बिबट्या आणि वाघ हे तिन्ही पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांची शिकार केल्यास किमान तीन आणि कमाल सात वर्षांची कैद होते, शिवाय दंड. मारलेला किंवा मेलेला प्राणी, त्याचे कातडे, नखे, दात हे सारे सरकारच्या मालकीचे.

या कायद्याचे अकरावे कलम पशुपालकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. पहिल्या अनुसूचीतला प्राणी माणसाच्या जिवाला धोकादायक झाला असेल, किंवा बरा न होण्याइतका जायबंदी वा रोगी असेल, तरच राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक त्याला मारण्याची लेखी परवानगी देऊ शकतात. त्याआधी तो पकडता येत नाही, बेशुद्ध करता येत नाही किंवा दुसरीकडे हलवता येत नाही, अशी खात्री त्यांना करून घ्यावी लागते. शेळ्या, मेंढ्या, वासरे मारली हे कारण त्यात बसत नाही. म्हणजे लांडग्याने एका रात्रीत दहा कोकरे मारली, तरी त्याला मारण्याचा आदेश निघू शकत नाही. पिकांची नासाडी करणाऱ्या रोही आणि रानडुकराबाबत महाराष्ट्र सरकारने जुलै २०१५ मध्ये पारधीच्या परवानगीची सोपी रीत घालून दिली, पण ती श्वापदांना लागू नाही.

अकराव्या कलमाखाली खानदेशात शिकाऱ्याला बोलावल्याचे उदाहरण अलीकडचे आहे. २०१७ च्या पावसाळ्यानंतर चाळीसगाव तालुक्यात गिरणेकाठच्या गावांमध्ये एक बिबट्या माणसांवर हल्ले करू लागला. कापूस वेचणीचे दिवस होते. बायका शेतात जायला घाबरू लागल्या, वेचणी खोळंबली. पिंजरे लावले, पथके आली, पण बिबट्या हाती लागेना. अखेर मारण्याचा आदेश निघाला आणि डिसेंबरात वरखेडे परिसरात हैदराबादचे नेमबाज नवाब शफात अली खान यांनी त्याला गोळी घातली. तिथे शिकारी आला तो सरकारच्या बोलावण्यावरून आणि माणसांचे जीव जात होते म्हणून. कोणाच्या जमिनीवर जायचे, त्याचे पैसे कोण देणार, हा प्रश्न तिथे उद्भवलाच नाही. अशा प्रसंगी उद्भवूही नये.

शिकार बंद झाल्यावर तिची जागा भरपाईने घेतली. महाराष्ट्रात वाघ, बिबट्या, लांडगा यांसारख्या प्राण्यांनी जनावर मारले तर वनखाते मालकाला रक्कम देते. ऑगस्ट २०२२ च्या शासन निर्णयानुसार गाय, म्हैस किंवा बैल मेल्यास बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ७०,००० रुपये यांपैकी जी कमी असेल ती रक्कम मिळते. शेळी-मेंढीसाठी बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा १५,००० रुपये, यांतली कमी ती. १२,००० रुपयांच्या गाभण शेळीचे ९,००० मिळतात. एक लाखाच्या दुभत्या म्हशीचे ७५ टक्के ७५,००० होतात, पण हाती ७०,००० येतात. चौथा हिस्सा मालकाने सोसायचा असे सूत्रच आहे. शेळीच्या पोटातली दोन करडे आणि म्हशीचे पुढच्या वेतापर्यंतचे दूध कुठल्याच रकान्यात बसत नाही. अमेरिकेतल्या केंद्रीय योजनेतही संरक्षित श्वापदांनी मारलेल्या गुरांसाठी अनेक वर्षे ७५ टक्क्यांचेच प्रमाण होते. २०२५ च्या कायद्याने ते १०० टक्के केले.

रक्कम मिळण्याची पद्धत अशी : घटना घडल्यापासून ४८ तासांत जवळच्या वनाधिकाऱ्याला कळवायचे. पंचनामा होईपर्यंत मेलेले जनावर जागेवरून हलवायचे नाही. वनपाल किंवा वनरक्षक येऊन मानेवरचे सुळ्यांचे वण, ओढत नेल्याची फरपट, पावलांचे ठसे पाहतो. बिबट्या सहसा गळा किंवा मान धरून जनावर गुदमरवतो आणि आडोशाला नेतो. लांडगे मागच्या मांडीला, पोटाला धरतात, त्यामुळे जखमा विखुरलेल्या असतात. भटकी कुत्री तर कशीही ओरबाडतात. कुत्र्यांनी मारलेल्या जनावराला भरपाई नाही, म्हणून हा फरक ओळखण्यावर सगळे अवलंबून असते. रात्री मेलेली मेंढी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उन्हात पडली की कावळे-कुत्री तिचे लचके तोडतात आणि सुळ्यांचे वण उरत नाहीत. पशुवैद्यकीय अधिकारी बाजारभाव ठरवतो, पंच सह्या करतात, प्रकरण वनपरिक्षेत्र कार्यालयात जाते आणि रक्कम बँक खात्यात जमा होते.

या रीतीत एक अट आहे, ती या लेखाच्या विषयाला थेट भिडते. जनावर मेल्यापासून सहा दिवसांत, घटनास्थळापासून दहा किलोमीटरच्या परिसरात कोणत्याही वन्यप्राण्याचा मृत्यू झालेला नसावा. मेलेल्या शेळीच्या अंगावर कीटकनाशक ओतून ठेवण्याचा आणि परतलेल्या श्वापदाचा सूड उगवण्याचा प्रकार जुना आहे. त्यात लांडग्याबरोबर तरस, कोल्हे, गिधाडे, घारी आणि गावची कुत्रीही मरतात. तो थांबावा म्हणून ही अट. म्हणजे सरकार पशुपालकाला पैसे देते ते केवळ शेळीचे नाहीत. श्वापद मारायचे नाही, या त्याच्या संयमाचेही ते मोल आहे. अमेरिकेत शिकारी मारण्याच्या संधीसाठी पैसे देतो आणि इथे समाज न मारण्यासाठी देतो. हेच आपल्या व्यवस्थेचे मर्म आहे आणि ते योग्य आहे. पण मोल पाऊण दिले आणि तेही उशिरा दिले, तर संयम टिकत नाही. शिवाय दुसऱ्या कोणी दहा किलोमीटरच्या आत कोल्हा मारला, तर त्याची शिक्षा निर्दोष मेंढपाळाला का, याला समाधानकारक उत्तर नाही.

फिरत्या मेंढपाळाची अडचण याहून मोठी. ठेलाऱ्याचा वाडा आज एका शिवारात असतो आणि परवा दुसऱ्या. पंचनाम्यासाठी थांबायचे तर तीनशे मेंढ्यांचा चारा थांबत नाही. दाखला द्यायचा त्या गावचा पोलीस पाटील त्याला ओळखत नाही. बँकेचे खाते साक्रीत, घटना दुसऱ्याच जिल्ह्यात, अशा वेळी पाठपुरावा करायला पुन्हा त्या कार्यालयात कोण जाणार? त्यामुळे एखादे कोकरू गेले तर पुष्कळ मेंढपाळ कळवतच नाहीत. लांडग्याचा वाटा म्हणून सोडून देतात. देशातल्या लांडग्यांची संख्या अभ्यासकांच्या अंदाजाने सुमारे ३,१०० आहे, म्हणजे वाघांहूनही कमी. ती अभयारण्यांच्या बाहेर माळांवर टिकली आहे, त्याला या सोडून देण्याचा मोठा हातभार आहे. सरकारी हिशेबात त्याची नोंद नाही, आणि ती नसणे अन्यायाचे आहे.

भरपाई हवी, पण नुकसान करणारा प्राणीच काढून टाकला तर प्रश्न सुटणार नाही का? याची उत्तरे महाराष्ट्रातच मिळाली आहेत. जुन्नर भागात १९९३ ते २००१ या काळात बिबट्यांचे माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. त्यानंतर पकडलेले २९ बिबटे सरासरी चाळीसेक किलोमीटरवरच्या जंगलांत नेऊन सोडले गेले आणि हल्ले वर्षाला १७ वर गेले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध केला. सोडलेले बिबटे अनोळखी मुलखात, माणसांच्या जवळ बिथरून फिरतात, आणि ज्या जागेवरून उचलले ती रिकामी राहत नाही, तरुण बिबटे ती धरतात. अमेरिकेतल्या लांडग्यांबाबत २०१४ मध्ये निघालेला निष्कर्ष असाच होता. लांडगे मारल्यानंतरच्या वर्षी पशुहानी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसली. त्यावर दुसऱ्या अभ्यासकांनी आक्षेप घेतले आणि तो वाद अजून मिटलेला नाही. निदान एवढे म्हणता येते की सरसकट मारल्याने मेंढ्या वाचतात, असे सिद्ध झालेले नाही. लांडग्यांच्या कळपात वीण एका जोडीची असते. ती जोडी मेली की कळप फुटतो आणि रानातली शिकार नीट न साधणारी पोरसवदा जनावरे सोप्या भक्ष्याकडे, म्हणजे मेंढ्यांकडे वळण्याची शक्यता वाढते.

पैसे देऊन येणारा शिकारी तर यात आणखी भर घालतो. त्याला हवे असते मोठ्या डोक्याचे, देखण्या कातड्याचे धडधाकट नर जनावर. शेळ्या मारणारे श्वापद म्हातारे, दात पडलेले, जायबंदी किंवा पिल्ले सांभाळणारी मादीही असू शकते. शुल्क देणारा ते निवडणार नाही. म्हणजे पैसे एका प्राण्याचे येतील आणि नुकसान दुसराच करत राहील. शिवाय ते पैसे कोणाला द्यायचे? बिबट्या दिवसभर केळीच्या बागेत दडतो आणि रात्री दुसऱ्याच वस्तीवरची शेळी उचलतो. जागेचे भाडे बागायतदाराला मिळेल आणि शेळी भूमिहीनाची जाईल. खानदेशात जमिनीची मालकी आणि जनावराची मालकी इतकी विभागलेली आहे की शिकारीच्या शुल्काचा व्यवहार कायद्याने उद्या खुला झाला, तरी तो सोसणाऱ्यापर्यंत पोहोचणार नाही.

बिबट्याच्या खाण्याविषयी एक नोंद इथे उपयोगी आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, शेतीच्या भागात राहणाऱ्या बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला. त्यांच्या आहारात वजनाच्या हिशेबाने ८७ टक्के पाळीव प्राणी होते, त्यांत एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के. त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या सातपट असूनही आहारातला त्यांचा वाटा ११ टक्केच निघाला. कारण उघड आहे. शेळ्या रात्री कोंडलेल्या असतात, दिवसा त्यांच्याबरोबर माणूस असतो, आणि कुत्री मोकाट फिरतात. बंदिस्त गोठ्याचे मोल यावरून कळते. वर छत असलेला, चारी बाजूंनी जाळी ठोकलेला आणि दाराला कडी असलेला गोठा बिबट्याला फोडता येत नाही. कुडाच्या भिंतीवरून तो सहज उडी मारतो. फिरत्या मेंढपाळाला पक्का गोठा शक्य नाही. त्याला हलकी जाळी, सौर दिवे आणि राखणीची चांगली कुत्री यांचा उपयोग होतो. भरपाईवर होणाऱ्या खर्चातला काही भाग आधीच यावर झाला, तर पंचनामे कमी होतील.

पैसे द्यायला तयार असलेला एक वर्ग मात्र खरोखर आहे. तो मारायला नाही, पाहायला येतो. पुणे वनविभागाने इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडी आणि बारामती तालुक्यातल्या शिर्सुफळ इथे गवताळ सफारी सुरू केली. लांडगा, तरस, चिंकारा पाहण्यासाठी लोक नोंदणी करून, शुल्क भरून, स्थानिक मार्गदर्शक घेऊन तिथे जातात. वाघाच्या जंगलापलीकडे, उजाड समजल्या जाणाऱ्या माळालाही मोल येऊ शकते, हे त्यातून दिसले. धुळ्याजवळचे लळिंगचे कुरण, शिरपूर तालुक्यातले अनेर धरण अभयारण्य आणि सोनगीर-शिंदखेड्याकडचे माळ या दृष्टीने अजून कोणी फारसे पाहिलेले नाहीत. उद्या तसे झाले, तर एक चूक टाळायला हवी. शुल्क वनखात्याला, राहण्या-जेवण्याचे पैसे हॉटेलवाल्याला, आणि ज्याच्या मेंढ्या खाऊन लांडगा जगतो त्या मेंढपाळाला चराईबंदी, असे होता कामा नये. मेंढ्या चरतात म्हणून गवत खुरटे राहते, खुरट्या गवतात चिंकारा आणि ससा दिसतो, आणि कळपाच्या मागे लांडगा येतो. माळावरून मेंढपाळ हटवला, तर लांडगा तिथे राहीलच याची हमी नाही. शुल्कातला ठरावीक हिस्सा परिसरातल्या पशुपालकांच्या नावे ठेवला आणि त्यातून भरपाईतला उरलेला चौथा हिस्सा तातडीने दिला, तर ज्याने प्राणी पाहिला त्याने ज्याचे नुकसान झाले त्याला पैसे दिले, असा सरळ हिशेब बसेल.

तोवर हातात आहे ती भरपाईची व्यवस्था, आणि ती वापरली पाहिजे. सोनगीर, शिंदखेडा, साक्री, चाळीसगाव, कुठेही श्वापदाने जनावर मारले, तर ते हलवू नये, पुरू नये, त्यावर विष टाकू नये. वर काटेरी फांद्या रचून कुत्र्या-कावळ्यांपासून ते झाकावे, मोबाईलवर जखमांची आणि ठशांची छायाचित्रे काढावीत आणि ४८ तासांच्या आत वनरक्षकाला किंवा वनविभागाच्या १९२६ या निःशुल्क क्रमांकावर कळवावे. कोकरू एकच गेले असले, तरीही कळवावे.